सेवकांचा सेवक : एका बिरुदाचा इतिहास

पवित्र गुरुवार जवळ आला की धर्मग्रामात एक यादी तयार होऊ लागते. सायंकाळच्या मिस्साबलिदानात ज्यांचे पाय धुवायचे, त्या बारा जणांची ही यादी. गेली पंचवीसहून अधिक वर्षे आम्ही निरनिराळ्या धर्मग्रामांत ती होताना पाहत आलो आहोत. खरे सांगायचे तर पुष्कळदा ती आमच्याच हाताने झाली आहे. पाळकीय मंडळाचे चिटणीस, सणाला मोठी देणगी देणारे गृहस्थ, निवृत्त मुख्याध्यापक, गायकवृंदाचे प्रमुख अशी नावे आपोआप पुढे येतात. २०१६ साली ह्या विधीत स्त्रियांनाही बसवण्याची मुभा पोप फ्रान्सिस यांनी दिली, तेव्हापासून महिला मंडळाच्या अध्यक्षबाई त्यात आल्या, एवढाच काय तो फरक. मंडळी घरून पाय स्वच्छ धुऊन, नखे काढून येतात. धर्मगुरू गुडघे टेकतो, झारीने पाणी ओततो, टॉवेल लावतो, पुढे सरकतो. पाच-सात मिनिटांत विधी आटोपतो.

एका वर्षी बारांपैकी एक गृहस्थ आयत्या वेळी आले नाहीत. खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून कोणीतरी मागच्या बाकावरून आमच्या दफनभूमीत खड्डे खणणाऱ्या म्हाताऱ्याला पुढे आणून बसवले. त्याच्या टाचांच्या भेगांत माती होती. आम्ही पाय हातात घेतला, तसा तो मागे ओढू लागला. प्रभूने पाय धुवू नयेत म्हणून संत पेत्र अडून बसला होता, हे त्या म्हाताऱ्याला ठाऊक असेल किंवा नसेल. पण संकोच तोच होता. आणि आम्ही काय केले? मागे रांग होती, गायकवृंदाचे गीत संपत आले होते. बोटांवर पाणी शिंपडले आणि पुढच्या खुर्चीकडे सरकलो. माती होती तिथेच राहिली.

ती माती आमच्या मनातून गेली नाही. तिच्यामुळेच सेमिनरीत असताना केवळ परीक्षेपुरता पाठ केलेला एक इतिहास आम्ही पुन्हा उघडला. पोपमहोदयांच्या अत्यंत महत्त्वाच्या आज्ञापत्रांच्या आरंभी त्यांच्या नावापुढे लॅटिन भाषेत एक बिरूद असते : सेर्वुस सेर्वोरुम देई, म्हणजे देवाच्या सेवकांचा सेवक. सत्तेच्या सर्वोच्च आसनावर बसलेल्याने स्वतःस सर्वांत खालची पायरी द्यावी, अशी ही भाषा. ह्या शब्दांत जीव केव्हा होता आणि ती नुसती शाई केव्हा झाली, हे शोधत जावे, असे वाटले. शोध अर्थातच संत ग्रेगरी यांच्यापाशी जाऊन थांबतो.

ग्रेगरी यांचा जन्म इसवी सन ५४० च्या सुमारास रोममधील एका श्रीमंत सरदार घराण्यात झाला. तिशीच्या आसपास ते नगराचे मुख्य अधिकारी होते. वडिलांच्या निधनानंतर त्यांनी सिसिलीतील आपल्या जमिनींवर सहा मठ स्थापले, रोममधील सेलियन टेकडीवरच्या राहत्या वाड्याचा सातवा मठ केला आणि स्वतः त्यातच संन्यासी म्हणून राहिले. ते दिवस आपल्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे, असे त्यांनी पुढे वारंवार लिहिले आहे. पण त्यांना तेथे कोणी राहू दिले नाही. पोप पेलागियस दुसरे यांनी त्यांना डीकनपदाची दीक्षा देऊन ५७९ साली कॉन्स्टँटिनोपलच्या राजदरबारी आपला वकील म्हणून धाडले. तेथून परतल्यावर काही वर्षांतच, ५८९ मध्ये, तिबेर नदीला महापूर आला, कोठारांतले धान्य वाहून गेले आणि पाठोपाठ प्लेगची साथ आली. फेब्रुवारी ५९० मध्ये खुद्द पोप पेलागियस त्या साथीत वारले. लोकांनी ग्रेगरी यांचे नाव पुकारले. त्यांनी निवड मान्य करू नये, असे सम्राटाला कळवून पाहिले; काही उपयोग झाला नाही. ३ सप्टेंबर ५९० रोजी त्यांचा अभिषेक झाला.

पद टाळू पाहिले म्हणून राव्हेन्नाच्या बिशपांनी त्यांना प्रेमाने दोष दिला. त्याला उत्तर म्हणून ग्रेगरी यांनी पाळकांच्या कर्तव्याविषयी एक ग्रंथच लिहिला. आमच्या पिढीला सेमिनरीत त्याची तोंडओळख करून देण्यात आली होती. चार भागांच्या ह्या ग्रंथात तिसरा भाग सर्वांत मोठा आहे : श्रीमंताला कसे समजवावे, गरिबाला कसे, उतावळ्याला कसे, भित्र्याला कसे. चौथा भाग मात्र जेमतेम एका प्रकरणाचा. इतरांना एवढे सगळे सांगून झाल्यावर पाळकाने स्वतःकडे वळून पाहावे, एवढेच त्यात आहे. शेवटी ते मित्राला म्हणतात की आपण देखण्या माणसाचे चित्र काढले खरे, पण चितारी स्वतः कुरूप आहे. आम्हांला मोठी बोचते ती पहिल्या भागातली एक गोष्ट. अधिकाराची हाव माणसाच्या मनात पुष्कळदा सेवेच्या इच्छेचे सोंग घेऊन शिरते; माणूस स्वतःला सांगतो की मला पद मिळाले तर मी केवढे सत्कार्य करीन, असे ते बजावतात. धर्मगुरूंच्या बदल्यांच्या दिवसांत आणि पाळकीय मंडळाच्या निवडणुकीच्या दिवसांत हे पान काढून वाचण्यासारखे आहे.

पण ग्रंथ लिहिणे वेगळे आणि कारभार करणे वेगळे. आमच्या मते ग्रेगरी यांची नम्रता ह्या ग्रंथात जेवढी दिसते, त्याहून अधिक त्यांच्या पत्रव्यवहारात दिसते. त्यांची साडेआठशेच्या आसपास पत्रे आज उपलब्ध आहेत, आणि त्यांत ईशज्ञानापेक्षा धान्य, घोडे, कर, वारसाहक्क, मठांची छपरे हेच विषय अधिक आहेत.

त्या काळी रोमच्या ख्रिस्तसभेकडे मोठ्या जमिनी होत्या. सिसिली, सार्डिनिया, कॉर्सिका, इटलीचा दक्षिण भाग, आफ्रिका, गॉल, दाल्मातिया येथे त्या पसरल्या होत्या, आणि रोमच्या गोरगरिबांच्या तोंडात पडणारे बरेचसे धान्य सिसिलीतून जहाजाने येई. जमीन कसणारी कुळे जमिनीला बांधलेली. कुळे आणि ख्रिस्तसभा यांच्यामध्ये मक्तेदार, आणि मक्तेदारांवर रोमहून नेमलेला कारभारी. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी कुळकायद्याच्या पूर्वीचे दिवस पाहिले, त्या आपल्याकडच्या शेतकरी कुटुंबांना ह्या रचनेचे वर्णन अधिक करून सांगायला नको. मापे कोणाच्या हातात असत आणि सुगीच्या वेळी काय होई, हे सारे त्यांनी घरच्या ओट्यावर ऐकलेले आहे.

अभिषेक झाला त्याच महिन्यात ग्रेगरी यांनी पेत्र नावाच्या उपडीकनला सिसिलीचा कारभारी म्हणून पाठवले. मे ५९१ मध्ये त्याला लिहिलेले एक दीर्घ पत्र आहे. आम्ही ते प्रथम वाचले तेव्हा पोपचे पत्र वाचत आहोत की एखाद्या दक्ष मामलेदाराचे, असा प्रश्न पडला. सुगी चांगली झाली की कुळांचे धान्य पडेल भावाने उचलले जाते, असे कानी आले आहे. ह्यापुढे बाजारात जो भाव असेल तोच द्यावा. धान्य मोजून घेताना मोदियस ह्या मापात अठरा सेक्स्टेरियसपेक्षा अधिक भरून घेऊ नये. शिरस्त्याप्रमाणे मोदियसमध्ये सोळा सेक्स्टेरियस बसत, म्हणजे मापे आधीच फुगलेली होती हे त्यांना ठाऊक होते. काही ठिकाणी खंडाची रक्कम घेताना सत्तरामागे साडेतीन जादा उकळले जात. ते बंद करावे. खोटी वजने सापडली आहेत, ती मोडून टाकावीत. कुळाच्या घरी लग्न निघाले तर त्याच्याकडून एका सॉलिडसहून, म्हणजे सोन्याच्या एका नाण्याहून, जास्त शुल्क घेऊ नये; गरिबाकडून त्याहूनही कमी घ्यावे; आणि त्यातला पैसा रोमच्या खात्यात जमा होता कामा नये.

आणि सर्वांत सूक्ष्म कलम कराच्या पहिल्या हप्त्याचे. हा हप्ता पीक विकले जाण्याच्या आत भरावा लागे. कुळाजवळ पैसा नसे, म्हणून तो सावकाराकडून भारी व्याजाने कर्ज काढी, आणि पीक आले की ते सावकाराच्या घरी जाई. ग्रेगरी लिहितात की सावकाराकडून कुळाने जेवढे उचलले असते तेवढे ख्रिस्तसभेच्या पैशांतून त्याला आगाऊ द्यावे आणि त्याच्याजवळ येईल तसतसे थोडे थोडे करून परत घ्यावे. सेलियन टेकडीवरच्या वाड्यात जन्मलेल्या माणसाला हे कसे कळले असेल? कोणीतरी सांगितले असणार, आणि त्याने ऐकून घेतले असणार.

पत्राच्या अखेरीस ते पेत्राला त्याच्या आळसाची आठवण करून देतात आणि मग आज्ञा करतात की कुळांसाठी आपण जे लिहून पाठवले आहे, ते प्रत्येक जमिनीवर सर्वांना वाचून दाखवावे. जुलूम झाला तर आपल्याच अधिकाराचा आधार घेऊन कुठल्या बाबतीत अंगावर घेऊ नये, हे त्यांना समजले पाहिजे. तेवढ्यावर न थांबता त्याच्या सही-शिक्क्याच्या प्रती कुळांच्या हाती द्याव्यात.

ह्या वाक्यापाशी आम्ही बराच वेळ अडखळलो. दयाळू जमीनदार पुष्कळ होऊन गेले. दुष्काळात कोठार उघडणारे, सणाला कपडे वाटणारे मालक आपल्याकडेही होते आणि त्यांची नावे लोक अजून घेतात. पण मालकाच्या माणसाविरुद्ध वापरता येईल असा कागद मालकानेच कुळाच्या हाती द्यावा, ही गोष्ट निराळ्या जातीची आहे. दयेत वरचा हात वरच राहतो. येथे वरच्याने स्वतःचाच हात बांधून घेतला होता.

पेत्राशी त्यांचे नाते गमतीचे होते. कामात ढिला, पण मनाचा चांगला असा हा माणूस असावा. ५९२ च्या सुमारास ग्रेगरी त्याला कळवतात की तू आमच्यासाठी एक वाईट घोडा आणि पाच चांगली गाढवे धाडलीस. घोडा वाईट म्हणून त्यावर बसवत नाही, आणि गाढवे चांगली असली तरी गाढवेच असल्यामुळे त्यांच्यावरही बसवत नाही. संतांचे चरित्र सांगताना आपण असल्या गोष्टी गाळतो. गाळू नयेत.

रोममध्ये त्यांनी गरिबांची एक नोंदवही ठेवली होती. नाव, वय, कोणाला काय द्यायचे, हे सारे त्यात असे. महिन्याच्या आरंभी धान्य, द्राक्षरस, चीज, भाजी, मासे, तेल यांचे वाटप होई आणि आजाऱ्यांसाठी शिजवलेले अन्न रस्त्यारस्त्यांतून गाडीने जाई. नवव्या शतकात त्यांचे चरित्र लिहिणारे योहान डीकन सांगतात की एकदा एक भिकारी रोममध्ये उपासमारीने मेलेला आढळला, तेव्हा जणू आपल्याच हातून त्याचा खून झाला, अशा भावनेने ग्रेगरी यांनी काही दिवस मिस्सा अर्पण केला नाही. रोज बारा गरिबांना ते जेवू घालत आणि एके दिवशी पंक्तीत तेरावा बसलेला दिसला, तो देवदूत होता, ही आख्यायिका पुढे एवढी रूढ झाली की पवित्र गुरुवारी रोममध्ये कित्येक शतके बाराऐवजी तेरा जणांचे पाय धुतले जात. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी. नोंदवही मात्र आख्यायिका नाही.

आता त्या बिरुदाकडे वळू. कॉन्स्टँटिनोपलचे पात्रिआर्क योहान हे उपवासी म्हणून प्रसिद्ध होते, पण ‘वैश्विक पात्रिआर्क’ ही पदवी ते लावीत. ५९५ साली ग्रेगरी यांनी त्यांना, सम्राटाला आणि सम्राज्ञीलाही ह्याविरुद्ध पत्रे लिहिली. एक जण सर्वांचा बिशप झाला तर बाकीचे बिशपच उरत नाहीत, हा त्यांचा मुद्दा. ह्या वादात रोमच्या मानाचा प्रश्नही गुंतलेला होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु तीन वर्षांनी घडलेला प्रसंग पाहावा. आलेक्झांड्रियाचे पात्रिआर्क युलोगियस यांनी ग्रेगरी यांना लिहिताना आदराने दोन शब्द वापरले. एक, आपल्या ‘आज्ञेप्रमाणे’. दुसरा, ‘वैश्विक पोप’. ग्रेगरी यांनी दोन्ही परत केले. आज्ञा हा शब्द पुन्हा माझ्या कानी घालू नका, मी आज्ञा केली नव्हती, जे हितकर वाटले ते सुचवले होते. पदाने तुम्ही माझे भाऊ आहात आणि चारित्र्याने माझे वडील, असा त्या उत्तराचा आशय आहे. आणि माझ्या भावांचा मान कमी करून जो मान मला मिळतो, तो मान मी मान समजत नाही.

ह्या ‘वैश्विक’ पदवीला उत्तर म्हणून ग्रेगरी यांनी ‘सेवकांचा सेवक’ हे बिरूद घेतले, असे योहान डीकन यांचे म्हणणे. इतके सरळ ते नसावे. तशा अर्थाचे शब्द त्यांच्या आधी संत ऑगस्टीन यांच्या पत्रांतही आढळतात. पण पोपच्या नावाशी ते जोडले गेले ते ग्रेगरी यांच्यापासून, ह्याविषयी दुमत नाही.

बिशपांशी ते नेहमीच एवढे हळुवार नव्हते. सार्डिनियातील काल्यारीचे वृद्ध बिशप जानुआरियस यांनी एका रविवारी मिस्सापूर्वी शेजाऱ्याच्या उभ्या पिकावर नांगर फिरवला, मग मिस्सा अर्पण केला आणि मिस्सानंतर जाऊन शेताच्या हद्दीचे दगड उपटले. आपल्याकडे बांध कोरण्यावरून भाऊबंदांत डोकी फुटली आहेत, तेव्हा वाचकांना हा प्रसंग परका वाटणार नाही. बिशपांनी तो करावा, हे मात्र नवल! ५९८ साली ग्रेगरी यांनी त्यांना कडक शब्दांत लिहिले. केवळ तुमच्या पांढऱ्या केसांकडे पाहून शिक्षा करत नाही, पण ज्यांनी तुम्हांला ही सल्ला दिली त्यांना दोन महिने ख्रिस्तप्रसादापासून दूर ठेवत आहोत, असे कळवले. त्याच वर्षी पालेर्मोच्या बिशपांनी यहुदी समाजाची सभागृहे बळकावल्याची तक्रार आली. घाईघाईने तेथे ख्रिस्ती अर्पणविधी उरकून घेतल्यामुळे इमारती परत करता येईनात. तेव्हा बिशपांनी त्यांची किंमत मोजावी आणि आतले ग्रंथ व अलंकार परत द्यावेत, असा ग्रेगरी यांचा निवाडा झाला.

येथवर वाचून वाचकांना वाटेल की आम्ही संतचरित्र लिहीत आहोत. तसे नाही. पत्रांच्या त्याच संग्रहात अशीही पाने आहेत की ती वाचताना मान खाली जाते. ह्याच जानुआरियस यांना ५९४ साली ग्रेगरी लिहितात की ख्रिस्तसभेच्या जमिनीवरचे एखादे कूळ मूर्तिपूजा सोडून देवाकडे यायला हट्टाने नकार देत असेल, तर त्याच्यावर खंडाचा एवढा बोजा लादावा की त्या यातनेनेच ते योग्य मार्गाला लागेल. सिसिलीच्या कुळांच्या पाठीवरून सत्तरामागचे साडेतीन काढणारा हात तो हाच. ५९५ मध्ये त्यांनी रोमच्या ख्रिस्तसभेच्या दोन गुलामांना मुक्त केले आणि त्या मुक्तिपत्रात म्हटले की निसर्गाने माणसे स्वतंत्र जन्माला येतात, प्रभूने देह धारण केला तोच आपली बंधने तोडण्यासाठी. आणि दुसऱ्या एका पत्रावरून दिसते की सार्डिनियात गुलाम विकत घेण्यासाठीही त्यांनी माणूस पाठवला होता. ६०२ साली फोकास नावाच्या सैनिकी अधिकाऱ्याने सम्राट मॉरिस यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या पाच मुलांना मारले, मग त्यांना मारले आणि सिंहासन बळकावले. पुढच्या वर्षी ग्रेगरी यांनी त्या फोकासचे आनंदाने अभिनंदन केले. मॉरिस यांच्याशी त्यांचे खटके उडत, आणि फोकासच्या हातात इटलीचे संरक्षण होते, असे समर्थन इतिहासकार देतात. आम्हांला ते पुरेसे वाटत नाही. बलवानापुढे वाकणे ही नम्रता नव्हे, आणि दुर्बळावर बोजा लादून त्याचा आत्मा तारणे ही सेवा नव्हे; हे ग्रेगरी यांच्यासारख्यालाही दर वेळी दिसले नाही.

पण एक दिसले, आणि ते आयुष्याच्या अखेरीस. संधिवाताने ते जवळजवळ अंथरुणालाच खिळले होते. सणाच्या दिवशी तीन तास उभे राहून उपासना करणेही कठीण जाई. ६०३ साली सिराक्यूजच्या कारभाऱ्याकडून बातमी आली की काही मक्तेदार पंचवीस सेक्स्टेरियसच्या मापाने कुळांकडून धान्य घेत होते. म्हणजे बारा वर्षांपूर्वी अठराची मर्यादा घालून दिली, गावोगाव वाचून दाखवली, प्रती वाटल्या, आणि तरीही माप पंचविसावर गेले होते! कारभाऱ्याने ते माप मोडले, ह्याबद्दल ग्रेगरी त्याची पाठ थोपटतात. पण पुढे विचारतात की आजवर जे जास्त घेतले गेले त्याचे काय? त्याचा हिशेब करावा, आणि त्या रकमेच्या गायी, मेंढ्या, डुकरे विकत घेऊन त्या त्या जमिनीवरच्या गरीब कुळांना वाटून द्यावीत, असा हुकूम त्यांनी दिला. पुढच्याच वर्षी, १२ मार्च ६०४ रोजी, त्यांचे देहावसान झाले.

बिरूद मात्र राहिले. नवव्या शतकापासून ते पोपच्या पत्रांत नित्याचे झाले आणि बाराव्या शतकापर्यंत त्यांच्याखेरीज दुसऱ्या कोणी ते लावेनासे झाले. सेवकांचा सेवक होण्याचाही मक्ता झाला, असे म्हणावे लागेल. ८ जानेवारी १४५५ रोजी पोप निकोलास पाचवे यांनी पोर्तुगालच्या राजाला एक आज्ञापत्र दिले. आफ्रिकेच्या किनाऱ्याने पुढे जाऊन मूर व अन्यधर्मीयांची राज्ये जिंकण्याचा आणि त्या लोकांना कायमचे गुलाम करण्याचा अधिकार त्यात दिला आहे. त्या पत्राचा आरंभ होतो : निकोलास, बिशप, देवाच्या सेवकांचा सेवक. १४९३ साली पोप आलेक्झांडर सहावे यांनी पश्चिमेकडचे नवे मुलूख स्पेनच्या राजाराणीला देऊन टाकले, तेही ह्याच शब्दांनी. ह्या आज्ञापत्रांचा आधार घेत पोर्तुगीज पूर्वेकडे आले, १५१० मध्ये गोव्यात आणि १५३४ मध्ये वसईत त्यांची सत्ता बसली, आणि आपल्या श्रद्धेचा इतिहास त्या सत्तेशी गुंतला. आपल्या पूर्वजांच्या कपाळी स्नानसंस्काराचे पाणी पडले ही कृपा आम्ही नाकारीत नाही. पण त्या जहाजात कोणती कागदपत्रे होती, हे आपल्या मुलांपासून लपवूही नये. ३० मार्च २०२३ रोजी व्हॅटिकनने जाहीर केले की ह्या आज्ञापत्रांवर उभारलेला मुलूख बळकावण्याचा सिद्धांत ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीचा भाग नाही, आणि मूळ रहिवाशांच्या समान प्रतिष्ठेचे व हक्कांचे योग्य प्रतिबिंब त्या पत्रांत पडले नव्हते. मध्ये पाचशे अडुसष्ट वर्षे गेली.

बिरुदाला पुन्हा थोडा अर्थ आला तो आमच्या आईवडिलांच्या हयातीत. नोव्हेंबर १९६४ मध्ये पोप पॉल सहावे यांनी आपला रत्नजडित तिहेरी मुकुट संत पेत्राच्या महामंदिरातील वेदीवर गरिबांसाठी ठेवून दिला, आणि तीन आठवड्यांच्या आत ते मुंबईच्या आंतरराष्ट्रीय ख्रिस्तशरीर परिषदेला आले. ओव्हल मैदानावरच्या गर्दीत उभे राहिल्याची कथा वसई-उत्तन भागातल्या पुष्कळ घरांत अजून सांगितली जाते. येथे वापरलेली मोटार जाताना त्यांनी मदर तेरेसांना देऊन टाकली. मदरांनी तिची सोडत काढून आलेला पैसा कुष्ठरोग्यांच्या कामी लावला. व्यवहार कळणाऱ्या बाई होत्या!

परंतु ग्रेगरी यांच्या पत्राने आम्हांला मुकुटाकडे नव्हे, मापाकडे बोट करून दाखवले होते. आमच्या हातात कोणते माप आहे, हा प्रश्न राहून राहून येऊ लागला. आमच्याकडे कुळे नाहीत, मक्तेदार नाहीत. पण लग्नाचे, दफनाचे, दाखल्यांचे, हॉलचे शुल्क आहे, आणि ते किती, हे विचारल्याखेरीज कोणाला ठाऊक नसते. म्हणून गेल्या वर्षी उपवासकाळाच्या आरंभी आम्ही कार्यालयाच्या दाराशी एक फलक लावला. कशाला किती घेतले जाते, कोणाकडून काहीच घेतले जात नाही, आणि जास्त मागितले तर कोणाला सांगायचे, हे मोठ्या अक्षरांत लिहिले. काही मंडळींना तो आवडला नाही. देवमंदिराचे दुकान केलेत, असे एक ज्येष्ठ गृहस्थ आम्हांला म्हणाले. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे होते, असेही नाही.

चौथ्या की पाचव्या दिवशी एक वृद्ध विधवा फलकासमोर उभी असलेली दिसली. तिला वाचता येत नव्हते. शाळेतून घरी चाललेल्या एका मुलाला थांबवून तिने तो सगळा फलक वाचून घेतला. दफनाची ओळ दोनदा वाचायला लावली. मग ती आत आली आणि उभ्यानेच म्हणाली, “फादर, आमच्या म्हाताऱ्याच्या वेळी माझ्याकडून ह्याच्या दुप्पट घेतले.”

आम्ही जुनी पावतीपुस्तके काढली. पावती अर्ध्याच रकमेची होती. उरलेले कुठे गेले, हे कळायला मार्ग नव्हता; तेव्हाचा कारकून काम सोडून गेला होता आणि त्या वेळी धर्मग्रामाचे प्रमुख आम्हीच होतो. आम्ही कपाट उघडून पैसे तिच्यापुढे ठेवले आणि बसण्यासाठी खुर्ची पुढे केली. ती बसली, नोटा एकेक करून मोजल्या, पुन्हा एकदा मोजल्या आणि पदराच्या टोकाला गाठ मारून म्हणाली, “आमच्या शेजारणीकडूनही घेतले होते. तिला पाठवू का?”

“पाठवा,” आम्ही म्हणालो.